कुरडयांचा नंबर

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की आमच्या कोराडीच्या कॉलनीतल्या जिन्याला वास येऊ लागतो. भिजलेल्या गव्हाचा. थोडा आंबूस, थोडा गोडसर, आणि दुसऱ्या दिवशी चांगलाच उग्र. नवीन राहायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावून कुठं गटार तुंबलं का म्हणून विचारतात. मी मात्र त्या वासात दोन पायऱ्या जास्त रेंगाळतो. हातात आठवीच्या पेपरांचा गठ्ठा असतो, शर्ट पाठीला चिकटलेला असतो, बाहेर डांबर मऊ पडलेलं असतं, आणि जिन्याच्या सावलीत हा वास. कोणाच्या घरी पिंपात गहू पडलेत आणि पहिला दिवस आहे की दुसरा, हे मी आता नाकानं सांगू शकतो. हे ज्ञान मला तीन वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी झालं. त्याआधीची सगळी वर्षं मी कुरडया फक्त खाल्ल्या.

तो एप्रिल मला अजून तसाच्या तसा दिसतो. खरं म्हणजे दिसतो कमी आणि जाणवतो जास्त. पहाटेची गच्ची, पायाला थंड लागणारी फरशी, लांबवर वीज केंद्राच्या उंच चिमण्या आणि त्यांच्या टोकाशी गुलाबी झालेला धूर. आमच्याकडच्या बाया आधी त्या धुराकडे पाहतात आणि मग वाळवणासाठी धोतर पसरतात. धूर कामठीकडे वाहत असला की दिवस चांगला. तो कॉलनीकडे वळला की वाळवण त्या दिवशी राहू द्यायचं, नाहीतर पांढऱ्या कुरडईवर बारीक करडे ठिपके बसतात. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. सुनेनं सासूला वर पाहताना पाहिलं, एवढंच.

माझी बायको वैशाली त्याच वीज केंद्रात नोकरीला आहे. मी शाळामास्तर, गणित शिकवतो. क्वार्टर तिच्या नावावर, म्हणजे कॉलनीत मी तिच्या घरी राहतो. सुरुवातीला ह्याचं लोकांना हसू यायचं, मलाही यायचं, पण माझं जरा उशिरा यायचं. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. वैशालीची ड्यूटी पहिल्यापासून दिवसाची होती. सकाळी साडेनऊला जायचं, संध्याकाळी साडेसहाला यायचं. त्या वर्षी मार्चअखेरीस तिला विचारणा झाली की कंट्रोल रूममध्ये येता का. शिफ्टची ड्यूटी, कधी सकाळ, कधी दुपार, कधी रात्र. पद वरचं. एप्रिलअखेर काय ते लिहून द्यायचं होतं.

ती खोली तिनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालेलं होतं. घरी येऊन तिनं मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं होतं की एक अख्खी भिंत आहे, आणि त्या भिंतीवर सगळं केंद्र श्वास घेताना दिसतं. किती वाफ, किती पाणी, किती आग. माणसं बसल्या जागेवरून ते सांभाळतात. सांगताना तिच्या हातातलं लाटणं थांबलं होतं आणि तव्यावरची पोळी करपली होती. मी तेव्हा करपल्या पोळीबद्दल बोललो. आता आठवलं की लाज वाटते.

तर त्या जागेवर बोलावणं आलं आणि बाई गप्प. आज सांगते, उद्या सांगते. कागद टेबलावर पडून राहिला. माझी समजूत अशी की घरामुळे अडलं. रात्रपाळी करून आल्यावर स्वयंपाक कोण करणार, सणवार कोण पाहणार, आणि तोंडावर आलेलं वाळवण. मी छाती पुढे काढून सांगितलं, घर मी पाहतो. तिनं माझ्याकडे बघितलं, जसं मी आठवीच्या पोराकडे बघतो, तो सर उद्या नक्की वही आणतो म्हणतो तेव्हा.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. आमच्या घरी कामांची वाटणी फार जुनी आणि फार पक्की होती, आणि ती कोणी केली ते कोणालाच माहीत नव्हतं. उन्हाळा आला की कूलर माळ्यावरून उतरवणं, गवत बदलणं, पंपाला तेल देणं हे माझं. त्याला मी दरवर्षी दोन दिवस लावायचो, बनियनवर, घाम गाळत, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ठोकत. नंतर चार महिने त्या कूलरमध्ये सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतायच्या, ते तिचं. पण विचारलं असतं तर तिनंही सांगितलं असतं की कूलर हे पुरुषांचं काम. आमच्या शाळेतही तेच. स्नेहसंमेलनाला बाकडी आम्ही उचलतो, एकदाच. रांगोळ्या, हार, पोरांच्या वेण्या, पाहुण्यांचा चहा हे बाईंकडे, दिवसभर. आणि शेवटी आभार मानताना बाकड्यांचा उल्लेख होतो.

आता नंबराबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पाच किलो गव्हाच्या कुरडया एकट्या बाईच्यानं होत नाहीत. म्हणून आमच्या तीन बिल्डिंगमधल्या आठ-नऊ जणी मिळून करतात. आज हिचा नंबर, परवा तिचा. ज्या घरचा नंबर, त्या घरचे गहू आणि त्या घरची गच्ची. बाकीच्या पहाटे हात धुऊन हजर. जी दुसरीकडे गेली नाही, तिच्याकडे कोणी येत नाही. ह्यात राग नाही, रीत आहे. त्या वर्षी वैशालीच्या विभागात दुरुस्तीचं काम निघालं आणि तिला आठवडाभर पहाटे सहालाच जावं लागलं. तिचे तीन-चार नंबर बुडणार होते. माझी शाळा सकाळची होती, पण परीक्षा संपत आलेल्या, मला मोकळीक होती. मी म्हटलं, तुझ्याऐवजी मी जातो.

ती म्हणाली, "तुम्ही जासान? बायांमध्ये?"

मी म्हटलं, गहू काय बाईमाणूस बघून शिजतो का. ती काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं मी होकार समजलो, आणि नवरेलोकांची ही सवय जुनीच आहे.

पहिल्या दिवशी कल्पनावहिनींचा नंबर होता. त्या आमच्या समोरच्याच दारात राहतात. पहाटे पाचला मी गच्चीवर गेलो तेव्हा स्टोव्ह पेटलेला होता, भल्यामोठ्या गंजात पाण्याला आधण येत होतं, आणि जिन्यात येताना मला वरून काहीतरी कलकल ऐकू आली होती. मी दारात उभा राहिलो आणि ती थांबली. सगळ्याजणींनी पदर, ओढण्या सारख्या केल्या. कोणीतरी खाली जाऊन माझ्यासाठी खुर्ची आणली. गच्चीवर, कुरडयांच्या कामाला, खुर्ची. सगळ्यांत वडील मंदाकाकू म्हणाल्या, "सर, तुम्ही बसा. वैशालीचं आम्ही समजून घेऊ." मी अर्थातच बसलो नाही. बाह्या दुमडल्या आणि लाटणं मागितलं.

चीक घाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. उकळत्या पाण्यात मिठाबरोबर तो पांढरा दुधासारखा चीक ओतायचा आणि हात थांबवायचा नाही. पहिली दोन मिनिटं सोपं जातं. मग तो घट्ट होत जातो, लाटणं धरून ठेवतो, आणि वाफ तोंडावर येते. थांबलात की गाठी. माझे खांदे भरून आले. मंदाकाकू साठीच्या पुढच्या, हात काटकुळे, त्यांनी माझ्या हातातून लाटणं घेतलं आणि पुढची दहा मिनिटं घोटलं, मधेच तोंडावरचं पाणीही पुसलं नाही. चीक काचेसारखा चकाकायला लागला. मग सोऱ्यात भरायचा आणि धोतरावर गोल गोल पाडायचा. माझ्या कुरडया गोल आल्या नाहीत, पण कोणी हसलं नाही. कोणी काहीच बोललं नाही. सोऱ्याचा करकर आवाज, स्टोव्हचा आवाज, आणि उजाडत चाललेलं आभाळ. माझ्या वर्गात एवढी शांतता बावीस वर्षांत झाली नाही. मला वाटलं, काय शिस्त आहे ह्या बायांची.

शेवटी वाटीत गरम चीक मिळाला, वर कच्चं तेल आणि तिखट. खुर्चीवर बसून, तो चटका बसणारा चीक खात, समोर शंभर-दीडशे ओल्या कुरडया उन्हाची वाट पाहत पसरलेल्या. अजूनही कधी दुपारी डुलकी लागली की मला ती सकाळ दिसते. उजेड पिवळा होण्याआधी एक क्षण दुधी होतो, त्या क्षणात सगळ्या कुरडया किंचित निळ्या दिसतात. हे मी कोणाला सांगितलं तर हसतील. वैशालीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "हाव," म्हणाली, "अठरा वर्षं पाहून राहिली मी ते."

मी असे चार नंबर केले. चौथ्यापर्यंत माझ्या कुरडया गोल यायला लागल्या आणि माझं नाव गोल गोल फिरायला लागलं. दूधवाला म्हणाला, सर, तुमचं नाव ऐकून राहिलो. बसस्टॉपवर एका अनोळखी बाईनं आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसून मी दाखवला. कल्पनावहिनी वैशालीला म्हणाल्या की असा नवरा भेटायला पुण्य लागतं वं. वैशालीच्या विभागातही बातमी गेली. तिथं तिला म्हणे कोणी विचारलं की आता तुम्ही घरी काय करता. मला हे सगळं ऐकून फार बरं वाटत होतं, ते लपवत नाही. संध्याकाळी ती आली की मी आजची वाहवा तिला वाढायचो, भाताबरोबर. ती खाली मान घालून जेवायची. महिना संपायला नऊ दिवस राहिले, मग सात. कागद तसाच.

एके दिवशी मी विचारलं, ठरलं का काही. ती म्हणाली, बहुतेक नाही म्हणून लिहीन. मी उखडलो. म्हटलं, मी इथं पहाटे उठून खांदे मोडून घेतो, ते कशासाठी? आता घरचं कोणतं कारण उरलं? ती उठली आणि ताट घेऊन आत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मग आमचा नंबर आला. सोमवारी ठरला होता. मी गुरुवारी संध्याकाळी गहू भिजवले, अगदी हिशोबानं. तीन दिवस म्हणजे बहात्तर तास, रोज ठरल्या वेळी पाणी बदलायचं, रविवारी संध्याकाळी वाटायचे, सोमवारी पहाटे चीक तयार. तक्ता करून फ्रिजवर लावला. गणिताच्या मास्तरला एवढं येणारच. पण एप्रिल संपत आला होता, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या, आणि हौसेनं मी पिंप गॅलरीत ठेवलेलं, जिथं दुपारचं ऊन येतं. शनिवारी संध्याकाळीच गव्हाला असा वास सुटला की वैशाली कामावरून आली ती दारातच थांबली. चप्पलही न काढता गॅलरीत गेली, दोन दाणे उचलून बोटात दाबले. फटकन पांढरा चीक बाहेर आला.

"उद्या सकाळीच कराव्या लागतीन," ती म्हणाली. "परवापर्यंत हे लाल होतीन. कोराडीच्या उन्हात तिसरा दिवस नसते, हे कोनी नाही सांगितलं तुम्हाले?"

कोणी सांगितलं नव्हतं. आणि कोण सांगणार, गच्चीवर माझ्यासमोर कोणी बोलतच नव्हतं.

मी तक्ता काढून टाकला. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून गहू वाटले, गाळले, तिच्या मापानं. चीक गंजात निवळत ठेवला. ती दार ठोठावत सगळ्यांकडे जाऊन आली की नंबर उद्यावर आला. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तिची सुट्टी. पहाटे ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, तुम्ही खालचं पाहा, वर मी जाते. मी खाली राहिलो. गव्हाचा चोथा काढला, गाळणीची फडकी धुतली, पिंप घासलं, वर पाणी पोचवलं. आणि मग स्वयंपाकघरात मोरीशी बसून गंज घासत होतो तेव्हा ते ऐकू आलं.

वर हसत होत्या. एकजण हसली आणि बाकीच्या तिच्यावर पडल्या असाव्यात अशा. मग कोणीतरी काहीतरी सांगत होतं, मधेच आवाज खाली आला, एकदम शांत, आणि कोणीतरी नाक ओढलं. मग पुन्हा हळूच बोलणं, मग मंदाकाकूंचा आवाज, काहीतरी ठणकावून, आणि परत हसू. गंजात माझे हात तसेच राहिले. चार सकाळी मी ज्या गच्चीवर बसलो होतो, ती ही गच्ची नव्हती. मी ज्याला शिस्त समजलो होतो ते काय होतं, ते मला त्या मोरीशी कळलं. वर्षातून आठ-नऊ पहाटा ह्या बायांना मिळत होत्या, ज्यात कोणाची सासू नाही, नवरा नाही, पोरं झोपलेली. हातांना काम, म्हणून कोणी रिकाम्या बसल्या म्हणणार नाही, आणि तोंड मोकळं. त्यातल्या चार मी खुर्ची टाकून खाल्ल्या होत्या. वर शाबासकीही घेतली होती.

ती खाली आली तेव्हा नऊ वाजले होते. केसाला चीक, चेहरा तांबडा. मी म्हटलं, माझ्यामुळे कोणी बोलत नव्हतं ना. ती पाटावर बसली आणि घासलेला गंज पुसायला घेतला.

"मले काम जड नव्हतं होऊन राहिलं," ती म्हणाली. "तिकडं कंट्रोल रूममध्ये सगळे बाप्ये अन् मी एकटी. ते जमन मले, त्याचं भ्या नाही. पण इकडं गच्चीवरबी तुम्हीच. मंग मी बायांमध्ये कुठी बसू? माझं काम घ्या नं. माझी जागा काहून घेऊन राहिले?"

मी चांगला माणूस ठरण्याच्या नादात होतो. घर सोडून ती जाऊ शकत होती, ते तिला कधीच जड नव्हतं. तिला भीती ही होती की परतून येईल तेव्हा तिची म्हणून कुठली जागाच उरणार नाही, कारण तिथं मी बसलेला असेन, आणि सगळे माझं कौतुक करत असतील. मी तिला म्हटलं, चुकलं. एवढंच म्हटलं. मास्तर लोकांना हा शब्द फार जपून वापरायची सवय असते.

तिनं नंतर हो म्हणून लिहून दिलं. पण त्याआधी ती कल्पनावहिनींकडे आणि मंदाकाकूंकडे जाऊन बोलली. काय बोलली ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. ठरलं असं की तिच्या साप्ताहिक सुट्टीचा तक्ता लागला की त्यावरून नंबर लावायचे, निदान चार तरी तिला मिळतील असे. बाकीच्या नंबरांच्या बदल्यात आमच्या घरून गहू वाटून जातात. ते मी करतो. कोणाचेही गहू असोत, आदल्या संध्याकाळी पिंप आमच्याकडे येतं, मी वाटतो, गाळतो, चीक निवळत ठेवतो आणि भांडी घासतो. ह्या कामाला प्रसिद्धी नाही. बसस्टॉपवर आता मला कोणी दाखवत नाही.

वैशाली त्या भिंतीसमोर बसते त्याला आता तीन वर्षं होतील. पहिल्या शिफ्टला ती निघते तेव्हा मी डबा देतो, आणि गॅलरीतून ती गेटकडे जाताना दिसते, खांद्यावर पर्स, डोक्याला दुपट्टा, इतर सगळ्यांसारखीच. मग मी चिमण्यांकडे पाहतो. आत कुठंतरी ती बसलेली असते आणि बाहेर धूर कामठीकडे वाहत असतो. मला वाटतं, आज वाळवणाला दिवस चांगला आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तरी मला त्या एकत्रच दिसतात. कूलरमध्ये पाणी मी भरतो. ते भरताना वाळ्याचा वास येतो, आणि मला अजून कळलेलं नाही की सकाळ-संध्याकाळचा एवढा चांगला वास मी इतकी वर्षं तिच्यावर का सोडला होता.

परवा तिची सुट्टी होती आणि नंबर आमचा. पहाटे मी खालचं सगळं उरकलं, नऊ जणींचा चहा केला आणि ट्रे घेऊन जिना चढलो. वर बोलणं रंगलेलं होतं. मी शेवटच्या वळणावर आलो, माझी चप्पल वाजली असावी, आणि एकदम सगळं थांबलं. मंदाकाकूंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, या सर, बसा. ऊन नुकतंच धोतरावर आलेलं, कुरडया अजून ओल्या. क्षणभर माझं मन झालं. मग मी ट्रे वरच्या पायरीवर ठेवला, चहा गार होईल म्हटलं, आणि उतरू लागलो.

अर्ध्या जिन्यात होतो तेव्हा वर हसू फुटलं. बहुतेक माझ्यावरच असावं. त्यात सगळ्यांत वरचा आवाज माझ्या बायकोचा होता. एकवीस वर्षांच्या संसारात एवढ्या मोठ्यानं ती माझ्यासमोर कधी हसलेली नाही.